जपान-अमेरिकेहून आणलेला ॲम्प मुंबईत लावायचाय? आधी हे सगळं बघून घ्या

ओसाकाहून भाचा परत येतो, अमेरिकेतून बहीण घर आवरून कायमची येते, नाहीतर कुणीतरी जपानहून सत्तरच्या दशकातला जुना ॲम्प्लिफायर मागवून घेतं, आणि खोका उघडला की घरात पहिला प्रश्न हाच येतो की पिना चपट्या आहेत, आपल्या बोर्डात कशा बसणार. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात युनिव्हर्सल ॲडॉप्टर मिळतो, तो लावला की पिना बसतातही, आणि बऱ्याच चांगल्या मशीनचा शेवट नेमका तिथेच होतो. तो ॲडॉप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज जसंच्या तसं पुढे जातं. जपानमध्ये घरात १०० व्होल्ट येतात, अमेरिका-कॅनडात १२०, तैवानमध्ये ११०, आणि आपल्याकडे २३०. म्हणजे जपानी ॲम्पला आपण सव्वादोनपटीहून जास्त देतोय.

आत काय होतं ते समजून घेतलं तर पुढचं सगळं आपोआप कळेल. जुन्या पद्धतीच्या ॲम्पमध्ये लाइट आत शिरली की आधी एका मोठ्या ट्रान्सफॉर्मरला जाते. १०० व्होल्टसाठी वाइंड केलेल्या ट्रान्सफॉर्मरला २३० दिले की त्याचा लोखंडी कोअर सॅच्युरेट होतो, म्हणजे त्याची चुंबकीय क्षमता संपते, आणि करंट एकदम कितीतरी पटीने वाढतो. फ्यूज लगेच उडाला तर नशीब, पण तेवढ्या वेळात पलीकडच्या बाजूला पण दुपटीहून जास्त व्होल्टेज गेलेलं असतं, आणि तिथे ५० किंवा ६३ व्होल्टचे फिल्टर कपॅसिटर बसलेले असतात, ते फुगतात, फुटतात, रेग्युलेटर आणि आयसी जातात. आणि फ्यूज सारखा उडतोय म्हणून कुणी त्यात तार गुंडाळली तर मग प्रायमरीच (लाइट जिथे शिरते ते वाइंडिंग) जळते, वार्निशचा तो करपलेला वास खोलीभर होतो आणि त्या मॉडेलचा ओरिजिनल ट्रान्सफॉर्मर आज कुठेच विकत मिळत नाही. म्हणून खोका उघडल्यावर घाई नको, एक संध्याकाळ यासाठी काढा.

आधी मागची पट्टी वाचा

मशीन उलटं करा, मागे किंवा खाली एक पट्टी असते. त्यावर तीन गोष्टी बघायच्या, व्होल्ट, हर्ट्झ आणि वॉट. मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा, जुन्या मशीनवर अक्षरं पुसट झालेली असतात.

इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं लिहिलेलं असेल तर तुमचं काम झालं, आत एसएमपीएस (इलेक्ट्रॉनिक पॉवर सप्लाय) आहे, तो त्या रेंजमधलं कुठलंही व्होल्टेज घेतो, फक्त वायर बदला. आजकालचे बरेच डॅक (डिजिटल सिग्नलचा ऑडिओ सिग्नल करणारे), स्ट्रीमर आणि काही ॲक्टिव्ह स्पीकर असेच असतात. पण मागे सिलेक्टर स्विच दिसत नाही म्हणजे ऑटोमॅटिक असणार असा अंदाज बांधू नका. पट्टीवर १००-२४० अशी रेंज छापलेली असेल तरच ती रेंज. नुसतं १०० किंवा नुसतं १२० छापलेलं असेल तर तेवढंच. आणि तेच मॉडेल युरोपात २३० वर चालतं असं इंटरनेटवर वाचलं म्हणून आपलंही चालेल असं नाही, कंपन्या एकाच मॉडेलमध्ये देशाप्रमाणे वेगळा ट्रान्सफॉर्मर टाकतात, बाहेरून दोन्ही डबे सारखेच दिसतात.

दुसरा प्रकार म्हणजे बाहेर वेगळा ॲडॉप्टर असलेली मशीनं, फोनो प्रीॲम्प (टर्नटेबलचा बारीक सिग्नल वाढवणारा), छोटे मिक्सर, गिटारचे पेडल, हेडफोन ॲम्प. इथे ट्रान्सफॉर्मर वगैरे काही घेत बसू नका. ॲडॉप्टरवर आउटपुट काय लिहिलंय ते बघा आणि २३० वर चालणारा तसाच ॲडॉप्टर इथे घ्या. व्होल्ट तेवढेच पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील. आउटपुट एसी आहे का डीसी हे मात्र डोळे उघडे ठेवून बघा, काही मिक्सर आणि फोनो स्टेज चक्क एसी मागतात. आणि पिनेच्या मधे प्लस आहे का मायनस, हे छोट्या चित्राने दाखवलेलं असतं, गिटार पेडलमध्ये बहुतेक मधे मायनस असतो, बाकी सामानात बरेचदा मधे प्लस. जाडी पण दोन असतात, २.१ आणि २.५ मिलिमीटर, दिसायला सारख्याच, म्हणून दुकानात मशीन किंवा निदान जुना ॲडॉप्टर घेऊन जा.

तिसरा प्रकार, मागे व्होल्टेज सिलेक्टर असलेला. सॅनसुई, पायोनियर, मरांझ यांच्या सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच एक्सपोर्ट मॉडेलना ११०, १२०, २२०, २४० असे पर्याय असलेला सिलेक्टर असायचा, आणि स्टुडिओ मॉनिटर किंवा सबवूफरला ११५/२३० चा सरकता स्विच असतो. वायर काढलेली असतानाच तो फिरवायचा. आपल्याकडे २२० आणि २४० दोन्ही असतील तर २४० घ्या. आणि इथे एक काम लोक हमखास विसरतात, फ्यूज. १२० वरून २४० वर गेलं की करंट निम्मा होतो, म्हणून फ्यूज पण निम्म्या अँपिअरचा पाहिजे, १२० ला २ अँपिअर असेल तर २४० ला १ अँपिअर. जुनाच ठेवला तर मशीन चालतं, पण आत काही बिघडलं की तो वेळेवर उडत नाही. फ्यूजच्या टोपीवर टी लिहिलं असेल तर स्लो ब्लो, एफ असेल तर फास्ट, ट्रान्सफॉर्मरवाल्या ॲम्पला बहुतेक टी लागतो, जो होता तोच प्रकार ठेवा.

काही मशीनमध्ये सिलेक्टर बाहेर नसतो पण ट्रान्सफॉर्मरला १२० च्या दोन प्रायमरी असतात, १२० साठी त्या पॅरलल जोडलेल्या, २४० साठी सिरीजमध्ये जोडता येतात. हे काम सर्व्हिस मॅन्युअल समोर ठेवून करणाऱ्या टेक्निशियनकडूनच करून घ्या, कारण एक वाइंडिंग उलटं जोडलं गेलं तर सुरू करताच शॉर्ट. फक्त जपानी बाजारासाठी बनवलेल्या मशीनला बरेचदा १०० ची एकच प्रायमरी असते, तिथे हा मार्गच नाही. जे रूपांतर झालं त्याच्या पट्टीवर "२४० व्होल्ट केलं आहे", तारीख आणि नवीन फ्यूज असं लिहिलेलं स्टिकर चिकटवा, पाच वर्षांनी दुसऱ्या कुणाच्या हातात ते मशीन जाणार आहे.

आता राहिला चौथा प्रकार, फक्त १०० किंवा फक्त १२०. यालाच स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे २३० व्होल्ट कमी करून देणारा वेगळा डबा लागतो आणि खरी मेहनत इथेच आहे.

११० चा डबा जपानी मशीनला नको

बाजारात तयार मिळणारा बहुतेक डबा २३० चा ११० करणारा असतो. अमेरिकन मशीनला तो चांगला आहे. जपानीला नाही. दुकानदार सांगतो दहा व्होल्टने काय होतं, पण हिशोब करून बघा. तो डबा ११० देतो ते २३० आत गेले तर. तुमच्या घरी बोर्डात खरोखर किती येतात? मल्टिमीटर एसीच्या ७५० च्या रेंजवर लावा, सकाळी बघा, दुपारी सगळ्या बिल्डिंगचे एसी चालू असताना बघा, आणि रात्री दोनला झोप मोडली तर तेव्हाही बघा. (प्रोब धरताना बोटं प्लास्टिकच्या कडेच्या मागे, एक हात लांब, मीटर नीट कॅट-टू किंवा कॅट-थ्री, म्हणजे मेनवर मोजायच्या सुरक्षेच्या रेटिंगचा.) समजा रात्री २४५ आले. मग त्या डब्यातून ११७ बाहेर येणार, आणि लोड कमी असेल तर ट्रान्सफॉर्मर अजून चार-पाच टक्के वर देतो, म्हणजे १२० च्या वर. जपानमध्ये घरात व्होल्टेज ९५ ते १०७ मध्ये ठेवायचा नियम आहे, त्या हिशोबाने बनवलेल्या मशीनला आपण वीस टक्के जास्त देतोय. ते सुरू होईल, छान वाजेलही, फक्त ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक हात लावेनात इतके तापतील, रेग्युलेटर उकळत राहतील आणि चाळीस-पन्नास वर्षांचे कपॅसिटर त्यांच्या रेटिंगच्या काठावर काम करतील. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प असेल तर त्याहून वाईट, हीटरला ६.३ च्या जागी साडेसातच्या आसपास व्होल्ट जातात आणि व्हॉल्व्ह लवकर संपतात. आज काही झालं नाही म्हणून हे चाललंय असं नाही, आयुष्य कमी होतंय ते दिसत नाही एवढंच.

म्हणून जपानी मशीनला १०० चाच डबा, आणि तो सरळ बनवून घ्या. मुंबईत राहण्याचा हा एक मोठा फायदा आहे. ग्रँट रोड स्टेशनला उतरलात की लॅमिंग्टन रोडवर आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत ट्रान्सफॉर्मर बनवून देणारी माणसं आहेत, आणि वायर, प्लग, सॉकेट, एमसीबी हे सामान लोहार चाळीत. वाइंडिंगवाल्याला नुसतं "जपानी ॲम्पला कन्व्हर्टर पाहिजे" म्हणालात तर तो त्याच्याकडचा तयार डबा हातात देईल, तेव्हा कागदावर लिहून न्या:

प्रायमरी ० - २३० - २४० - २५० (तीन टॅप, म्हणजे वाइंडिंगमधून काढलेली जोडणीची टोकं, घरच्या मोजलेल्या व्होल्टेजप्रमाणे जोडता येतात)
सेकंडरी (आउटपुटचं वाइंडिंग) १०० व्होल्ट
५०० व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर, म्हणजे डब्याची ताकद; हिशोब खाली आहे), ५० हर्ट्झ
डबल वाइंडिंग, म्हणजे आयसोलेशन. ऑटो ट्रान्सफॉर्मर नाही
तांब्याची वायर, वार्निश केलेला, मधे अर्थ केलेली शील्ड
लोखंडी बॉडी, बॉडीला अर्थ, इनपुटला फ्यूज, आउटपुटला अमेरिकन तीन पिनांचं सॉकेट

डबल वाइंडिंगवर मी एवढा जोर देतोय त्याला कारण आहे. ऑटो ट्रान्सफॉर्मरमध्ये एकच वाइंडिंग असतं आणि त्यालाच मधून टॅप काढलेला असतो, म्हणून तो हलका आणि स्वस्त. पण त्यात आउटपुटची वायर थेट मेनला जोडलेलीच असते. टॅपच्या खालचा, न्यूट्रलकडचा भाग तुटला तर आउटपुटवर जवळजवळ पूर्ण २३० येतात, आणि तुमचा ॲम्प डबा असूनही जातो. शिवाय बोर्डात फेज-न्यूट्रल उलटे असतील, जे आपल्या जुन्या बिल्डिंगमध्ये काही नवल नाही, तर आउटपुटच्या दोन्ही वायरी जमिनीच्या मानाने लाइव्ह राहतात, हात लागला तर शॉक बसतो. डबल वाइंडिंगमध्ये दोन वाइंडिंग वेगळी, मधे वायरीचा संबंधच नाही. महाग पडतो, जड पडतो, पण जपानी मशीनला बहुतेक दोनच पिना असतात, अर्थच नसतो, तिथे हे वेगळेपण मोलाचं आहे. डबा घेताना उचलून बघा, ५०० व्हीएचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर सहज एका हातात उचलला गेला तर आत ऑटो आहे किंवा रेटिंग खोटं आहे.

प्रवासासाठी म्हणून मिळणारे ते मुठीएवढे १६०० वॉटचे कन्व्हर्टर तर ऑडिओला कधीच नाही. त्यात ट्रान्सफॉर्मर नसतोच, एक इलेक्ट्रॉनिक स्विच लाइटची वेव्ह कापून सरासरी कमी करतो. इस्त्री किंवा हेअर ड्रायरच्या कॉइलला ते चालतं, पण कपॅसिटर व्होल्टेजचं टोक पकडतो आणि टोक तेवढंच उंच राहिलेलं असतं.

किती व्हीएचा घ्यायचा? पट्टीवर वॉट लिहिले असतील तर त्याच्या दीडपट ते दुप्पट. २४० वॉट लिहिलेल्या ॲम्पला ५०० व्हीए. अमेरिकन मशीनवर कधी अँपिअर लिहितात, १२० व्होल्ट ४ अँपिअर म्हणजे ४८० व्हीए, तिथे ७५० किंवा १००० घ्या. स्पीकरला देणारे वॉट आणि लाइट खाणारे वॉट यात गल्लत करू नका. क्लास ए ॲम्प असेल तर आवाज बंद असतानाही पूर्ण लोड चालू असतो, त्याला दुप्पटच घ्या. एका डब्यावर दोन-तीन मशीनं लावायची असतील तर बेरीज करा. १००० च्या पुढचा टोरॉइड (गोल कड्यासारखा ट्रान्सफॉर्मर) असेल तर सुरू करताना क्षणभर इतका करंट खेचतो की घरची एमसीबी पडते, तेव्हा सॉफ्ट स्टार्ट (सुरुवातीचा करंट रोखणारं सर्किट) लावून घ्या, एमसीबी मोठी करू नका.

डबा घरी आला की रिकामा लावून आउटपुट मोजा, मग मशीन लावून परत मोजा. लोडवर ९८ ते १०३ च्या आसपास आलं की मस्त. जास्त येत असेल तर वरच्या टॅपवर जा.

पिना, वायरी आणि अर्थ

१०० व्होल्टच्या मशीनची चपटी पिन कापून आपली गोल पिन लावू नका. ती चपटी पिन हीच तुमची राखण आहे, ती डब्याच्या अमेरिकन सॉकेटमध्येच बसते म्हणून घरातलं कुणी चुकून भिंतीत लावत नाही. पण इथे एक मोठी गोम आहे, आपल्याकडे मिळणारे युनिव्हर्सल एक्स्टेंशन बोर्ड चपटी, गोल, सगळी पिन गिळतात. साफसफाई करताना कुणी टीव्हीचा प्लग काढला, परत लावताना ॲम्पचा प्लग त्या बोर्डात गेला, संपलं. म्हणून त्या कोपऱ्यातून युनिव्हर्सल बोर्ड हटवा, फक्त गोल पिनांचा ठेवा, आणि मशीनच्या प्लगला लाल टेप गुंडाळून "फक्त १००" लिहून ठेवा. घरातल्या सगळ्यांना एकदा दाखवून सांगा, आजीला सुद्धा.

अमेरिकेतून सामानाबरोबर तिकडचा स्पाइक गार्ड आणला असेल तर तो आपल्या २३० च्या लाइटवर अजिबात लावायचा नाही. त्याच्या आत १२० च्या हिशोबाचे सर्ज शोषणारे डिस्क असतात, २३० लागले की ते लगेच कंडक्ट करायला लागतात, तापतात, फुटतात, प्लास्टिक पेटू शकतं. हे लॅपटॉपचा चार्जर १००-२४० आहे म्हणून तिकडच्याच पट्टीत लावणाऱ्यांच्या बाबतीत होतं, चार्जर ठीक असतो, पट्टी जळते.

प्लग बदलायचाच असेल, म्हणजे मशीन खरोखर २४० वर आणलंय तेव्हा, तर वायरींचे रंग जपून. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल. अमेरिकेत काळी म्हणजे फेज, पांढरी न्यूट्रल, हिरवी अर्थ. युरोपात आणि आताच्या आपल्या कॉर्डमध्ये तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. वायरमन सवयीने काळी न्यूट्रलला लावणार, तेव्हा त्याच्या शेजारी उभं राहून सांगा. मशीनला मागे कॉम्प्युटरसारखं, सी-१३ कॉर्ड बसणारं तोंड असेल तर हा व्यापच नको, २५० व्होल्ट लिहिलेली आयएसआय मार्कची इथली कॉर्ड घ्या. तिकडच्या कॉर्डवर बरेचदा १२५ व्होल्ट छापलेलं असतं, ती २३० ला वापरायची नाही.

अर्थिंग आधी तपासा. गिरगाव, लालबाग, दादरच्या जुन्या चाळींत आणि इमारतींत बोर्डाला तीन भोकं असतात पण वरच्या जाड भोकामागे वायरच नसते, हे मी कित्येक घरांत बघितलंय. मीटरने फेज आणि अर्थमध्ये मोजा, फेज-न्यूट्रलइतकंच साधारण आलं पाहिजे, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. कमी-जास्त काहीही आलं तर आधी वायरमन बोलवा. मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) असलाच पाहिजे, पण लक्षात घ्या की आयसोलेशन डब्याच्या पलीकडे काय चाललंय ते या आरसीसीबीला दिसत नाही, म्हणून डब्याची लोखंडी बॉडी आणि आउटपुट सॉकेटची अर्थ पिन दोन्ही अर्थला जोडलेल्या आहेत ना हे मीटरच्या कंटिन्युइटी रेंजवर बघा. तयार डब्यांत आउटपुटची ती तिसरी पिन पुष्कळदा नुसती शोभेची असते.

ॲम्पच्या मागे जीएनडी लिहिलेला स्क्रू असतो, तो टर्नटेबलच्या बारीक वायरीसाठी आहे, त्याला मेनची अर्थ जोडायची नाही. आणि सगळं जोडल्यावर स्पीकरमध्ये हम (सततची घूंघूं) आला म्हणून अर्थची पिन कापायचा सल्ला कुणीतरी देतोच, ऐकू नका. बहुतेक वेळा तो सेट-टॉप बॉक्सच्या केबलमधून येणारा ग्राउंड लूप, म्हणजे अर्थला दुसरी वाट मिळाल्याचा परिणाम असतो. केबल काढून बघा, हम गेला तर केबलला किंवा ऑडिओ लाइनला आयसोलेटर लावा, अर्थ तशीच राहू द्या. डबा स्वतः पण हम देतो, त्याला टर्नटेबल आणि फोनो स्टेजपासून निदान मीटरभर लांब ठेवा, थोडा फिरवून बघा, कधी कधी नुसती दिशा बदलली की हम अर्ध्यावर येतो.

पहिल्यांदा सुरू करताना

पावसाळ्यात पार्सल आलं असेल तर दोन-तीन दिवस कोरड्या खोलीत उघडं ठेवा, आपल्या हवेतला दमटपणा जुन्या ट्रान्सफॉर्मरमध्ये आणि स्विचमध्ये बसतो.

मग सिरीज बल्ब. लॅमिंग्टन रोडवरच्या प्रत्येक रिपेअरवाल्याच्या टेबलावर हा बोर्ड असतो, १०० वॉटचा जुन्या तारेचा बल्ब, एलईडी नाही, फेजच्या वायरीत सिरीजला. तो डब्याच्या इनपुटच्या बाजूला, २३० च्या बाजूला लावा. स्पीकर जोडू नका, व्हॉल्यूम शून्य. स्विच टाकला की बल्ब एकदा भकन पेटून मंद झाला तर ठीक, कपॅसिटर भरले. तसाच लखलखीत राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा आणि मशीन टेक्निशियनकडे. बल्ब होता म्हणून बाकी काही जळलं नाही. (एसएमपीएसवाल्या मशीनला हा प्रयोग नको, ते कमी व्होल्टेजवर नीट सुरूच होत नाही.)

वर्षानुवर्षं बंद पडलेला ॲम्प असेल तर टेक्निशियन डिमरस्टॅट (चाक फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचं उपकरण) लावून व्होल्टेज हळूहळू वाढवत नेतात, म्हणजे जुने कपॅसिटर सावकाश तयार होतात. ते टेबलवर ठीक आहे, पण घरी कायमचा डिमरस्टॅट लावून १०० वर ठेवायची आयडिया फार वाईट. तो ऑटो ट्रान्सफॉर्मरच आहे आणि त्याचं चाक कुणाचाही हात लागून फिरतं, पार २७० पर्यंत.

बल्ब काढून थेट सुरू केल्यावर स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर स्पीकर जोडा, शंभरच्या वर असेल तर दुरुस्ती आधी. पहिल्यांदा जुने, फुकट गेले तरी चालतील असे स्पीकर लावा. अर्धा तास समोर बसून राहा, डब्याला आणि ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरच्या जागी हात लावून बघा, कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर बंद. रोजची पद्धत म्हणजे आधी डबा चालू, मग ॲम्प, बंद करताना उलट, आणि झोपायच्या आधी डबा भिंतीवरूनच बंद. लाइट गेली की लगेच दोन्ही बंद करा, परत येताना ती धक्क्याने येते. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईभर लाइट गेली होती तशी मोठी वेळ असो की सोसायटीचा नेहमीचा शटडाउन, आल्यावर दहा मिनिटं थांबून मगच सुरू करा. घरी स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर डबा त्या लाइनवर घेऊ नका, ट्रान्सफॉर्मर त्यावर गुरगुरतो आणि तापतो.

५० आणि ६० हर्ट्झ

डबा व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. जपानमध्ये दोन्ही आहेत, टोकियोच्या बाजूला ५० आणि ओसाकाच्या बाजूला ६०, कारण १८९५ च्या सुमारास टोकियोने जर्मन जनरेटर घेतले आणि ओसाकाने अमेरिकन. त्यामुळे जपानी मशीन बहुतेक दोन्हीसाठी बनलेलं असतं, पट्टीवर ५०/६० लिहिलेलं सापडेल. पट्टीवर फक्त ६० लिहिलेला अमेरिकन ॲम्प ५० वर जास्त तापतो, कारण कोअरवरचा ताण वीस टक्के वाढतो. त्याला १२० ऐवजी ११० किंवा १०५ दिले की तो ताण बराचसा उतरतो, म्हणून वर म्हटलं की ११० चा डबा अमेरिकन मशीनला चांगला.

टर्नटेबलचं मात्र वेगळं आहे. जुन्या बेल्ट आणि आयडलर टर्नटेबलमध्ये एसी सिंक्रोनस मोटर असते, ती फ्रिक्वेन्सीच्या तालावर फिरते. ६० ची मोटर ५० वर लावली की ३३.३ च्या जागी प्लेट २७.८ ने फिरते. घरातली नाट्यसंगीताची एलपी लावून बघा, गायक काळी चारमध्ये गात असेल तर तुम्हाला तो पांढरी चारमध्ये ऐकू येईल, तीन अर्धस्वर खाली, आणि तबला चिखलातून चालल्यासारखा. यावर उपाय म्हणजे ५० हर्ट्झची पुली, थॉरेन्स आणि गॅरार्डच्या जुन्या मॉडेलसाठी दोन्ही पुली बनलेल्या आहेत, किंवा मोटरसाठी स्वतःची फ्रिक्वेन्सी तयार करणारा वेगळा पॉवर सप्लाय. टेक्निक्सच्या एसएल-१२०० सारख्या क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राइव्हला हा प्रश्न येत नाही, तिथे फक्त व्होल्टेज बघा. वेग तपासायची ठिपक्यांची स्ट्रोब चकती वापरणार असाल तर ५० हर्ट्झची, १८० ठिपक्यांची रांग बघा, २१६ ठिपक्यांची रांग ६० साठी आहे.

ट्यूनर आणायचा विचार असेल तर थोडं थांबा. जुना जपानी एफएम ट्यूनर ७६ ते ९० मेगाहर्ट्झच पकडतो, आणि मुंबईतली मिर्ची ९८.३ ला, रेनबो १०७.१ ला. म्हणजे काहीच लागणार नाही. अमेरिकन डिजिटल ट्यूनर एफएम पकडतो, पण मीडियम वेव्हवर १० किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी उड्या मारतो आणि आपल्याकडे पायरी ९ ची, म्हणून अस्मिता वाहिनीच्या ५५८ वर तो थांबतच नाही, ५५० नाहीतर ५६०. काहींच्या मागे ९/१० चा स्विच असतो, तो असेल तरच घ्या.

इथून तिकडे नेताना

इथला ॲम्प, हार्मोनियमचा पिकअप प्रीॲम्प किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुरा घेऊन न्यू जर्सीला जाणाऱ्यांसाठी गोष्ट उलटी आणि थोडी सोपी. २३० ची वस्तू १२० वर लावली तर बहुतेक जळत नाही, सुरू होत नाही किंवा मरगळलेली वाजते. तानपुऱ्याची पट्टी आधी वाचा, रेंज लिहिलेली असेल तर नुसता पिनेचा ॲडॉप्टर पुरे. नसेल तर १२० चा २३० करणारा स्टेप-अप डबा, व्हीएचा हिशोब वरचाच. ५० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर ६० वर आनंदाने चालतो, पण इथला एसी मोटरचा टर्नटेबल तिकडे ४० ने फिरेल. तिकडच्या साध्या सॉकेटला १५ अँपिअरची मर्यादा असते आणि स्टेप-अपमध्ये इनपुटचा करंट दुप्पट होतो, म्हणून मोठा पॉवर ॲम्प न्यायचा असेल तर त्याच सर्किटवर मायक्रोवेव्ह किंवा हीटर नाही ना हे राहत्या घरात बघून घ्या, आणि डब्याच्या आउटपुटला आपल्या गोल पिनांचं सॉकेट बसवून घ्या.